लाइट आली की आधी अम्मी

अंबड, ११ मार्च २०२५
*रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह*

प्रति,
श्री. भागवत पुंजाराम पांढरे,
दुधना लिंक, नवीन जालना.

विषय : आपल्या कंपनीच्या वायफाय राउटरमधील सॉफ्टवेअरचा सोर्स कोड मिळणेबाबत.

महोदय,

मी खाली सही करणार सालेहा महेमूद शेख, राहणार अंबड, अर्ज करते की, माझी आई हसीना महेमूद शेख यांच्या नावे आपल्या कंपनीचे कनेक्शन घेतले असून सोबत एक राउटर मिळाला आहे. त्यातील सॉफ्टवेअर ज्या खुल्या परवान्याखाली तयार झाले, त्या परवान्यानुसार राउटर ज्याच्या हाती दिला त्याने मागणी केल्यास सोर्स कोड देणे आणि मूळ लेखकांची नावे कायम ठेवणे आपणास बंधनकारक आहे. तरी सदर कोड लवकरात लवकर मिळावा, ही विनंती.

इथपर्यंत टाइप केलं. कोर्टासमोर टायपिंगचं दुकान आहे माझं, हे असलं मला झोपेत बी येतं. पुढचं हातानं लिहून राह्यले. ते तुझ्यासाठी.

भागवत, फोन उचलत न्हाईस. मंग नंबरच ब्लॉक केलास. म्हणून पोस्टानं. आता पोस्टमनला ब्लॉक करून दाखव.

तुला वाटलं असंल, आपाला यातलं काय कळतंय. बराबर आहे, मला कोड कळत न्हाई. पण तौफिक माझा भाऊ होता आणि तुम्ही दोघं आमच्याच गच्चीवर वायफायचे डब्बे उघडून बसत होतात. हे लायसनचं प्रकरण त्यानं मला समजावून सांगितल्तं तेव्हा तू समोर बसून भजे खाऊन राह्यलता. आठवतंय का? म्हणला, आपा, हे विरजणासारखं आहे. शेजारणीनं तुला वाटीभर विरजण दिलं, तू दही लावलंस. आता ते दही खा, वाट, बाजारात नेऊन विक, कोणी काही म्हणणार न्हाई. फक्त ज्याला दही दिलंस तो विरजण मागायला आला तर त्याला न्हाई म्हणायचं न्हाई. आणि विरजण कोणाकडून आलं ते लपवायचं न्हाई. अम्मी म्हणली, ही काय अट झाली? हे तर आपल्या गल्लीत चालूच आहे.

तू म्हणलास, "अम्मी, असा धंदा होत नसतो." आम्ही सगळे हसलो. तू बी हसलास. तेव्हा मला वाटलं गंमत करतोस.

आता तुझा डब्बा आमच्या भिंतीवर लागलाय. मुद्दाम घेतला, तुझ्या कंपनीचाच. सेटिंगचं पान उघडून पाहिलं. 'संपूर्ण स्वदेशी. निर्माता : भागवत पांढरे. सर्व हक्क राखीव.' जगातल्या ज्या लोकांनी ते मुळात लिहिलं त्यांचं नाव न्हाई. ते लांब आहेत, त्यांना पत्ता बी लागणार न्हाई. पण तौफिकचं बी न्हाई रे. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. तो जन्मालाच आला नव्हता असं ते पान आहे.

मंग लाइट गेली. थोड्या वेळानं आली. मोबाईलमध्ये बघते तर वायफायच्या यादीत सगळ्यात वर, मराठी अक्षरात, नाव आलं : अम्मी.

ते मिटेपर्यंत मी बघत राह्यले.

हा तुकडा त्याचा आहे, भागवत. तुला माहीत आहे. इथं लाइटीचा खेळ चालतो, आली-गेली, आली-गेली, त्यात डब्बे मरून जायचे. त्याच्यावर तौफिकनं इलाज काढला. लाइट आली की डब्बा लगेच कामाला लागत न्हाई. आधी आतलं सगळं जागेवर आहे का बघतो, बिघडलं असंल तर सावरतो, मंग चालू होतो. तेवढ्या वेळापुरतं त्याचं नाव अम्मी. कारण आमच्या घरात लाइट आली की आधी अम्मीच उठते. फ्रिज बघते, मोटर बघते, कोणी इस्त्री चालू ठेवून विसरलंय का बघते, मंग म्हणते, "हां, लगाव अब टीव्ही." तौफिक म्हणायचा, माझ्या डब्ब्यात बी एक अम्मी पाहिजे.

पानावरून त्याचं नाव काढलंस. अम्मीला मात्र बाहेर काढता आलं न्हाई तुला.

कोड दे. त्याचं नाव जिथं होतं तिथं परत लाव. मला दुसरं काही नको.

सालेहा

अंबड, ४ एप्रिल २०२५

भागवतसाहेब,

तुमच्या ऑफिसचं उत्तर मिळालं. 'सदर सॉफ्टवेअर ही कंपनीची खाजगी मालमत्ता असून आपली मागणी विचारात घेता येत नाही.' वा! सही बी तुझी न्हाई, कोणा मोनालीची आहे. स्वतःच्या हातानं न्हाई म्हणायला बी लाज वाटली का?

ईद झाली. अम्मीनं शीरखुर्म्याचा तुझा डबा ह्या वर्षी बी बाजूला काढला. मी म्हणलं, कशाला काढतीस, तो येत नसतो. म्हणली, काढलेला परत कसा ओतू? दुसऱ्या दिवशी मीच खाल्ला. तुझ्या नावाचा होता म्हणून गोड लागला न्हाई, असं समज.

तौफिकचा लॅपटॉप तू चालीसव्याला, तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, आल्तास तेव्हा नेलास. "आपा, त्याचं अर्धवट राहिलेलं काम मी पुरं करतो." मीच चार्जरसकट पिशवीत घालून दिला. अब्बा गेल्यावर घरात निर्णय घेणारी मीच ना, मोठी शहाणी! म्हणलं, आपल्याकडं धूळ खाईल, भागवतकडं राहील तर तौफिकचं नाव तरी राहील. काम तू पुरं केलंस, बिलकुल केलंस. जालन्यापासून राजूरपर्यंत डब्बे लावलेस. नाव तेवढं पुसलंस.

हे तुला सांगणार नव्हते, पण ऐक. आमच्या गल्लीत आता घरोघरी तुझेच डब्बे आहेत. गल्लीची लाइट गेली आणि आली की सगळे एकदम उठतात. मोबाईलची यादी भरून जाते. अम्मी, अम्मी, अम्मी, अम्मी. वरपासून खालपर्यंत तेच. मंग एकेक करून नावं मिटतात, लोकांची नेहमीची नावं येतात, आणि गल्ली परत गल्ली होते.

अम्मी ते बघते. मोबाईल हातात धरून दारात जाऊन उभी राहते. म्हणते, "तौफिक बुलारा." मी म्हणते, अम्मी, मशीन आहे ती. ती म्हणते, मशीनला काय माहीत मी कोणाची अम्मी? लाइट गेली की तिचं कशात ध्यान राहत न्हाई. हातातलं काम सोडून मोबाईल घेऊन बसते, लाइटीची वाट बघत. खाणं न्हाई, बोलणं न्हाई. जिवाला हा घोर तू लावलास.

माणूस गेला की माती देऊन मोकळं होता येतं. ह्याला कुठं माती द्यायची, सांग मला.

राजूरला काय झालं ते मी कधी विचारलं न्हाई. आज बी विचारत न्हाई. फक्त कोड मागून राह्यले.

सालेहा

अंबड, २९ एप्रिल २०२५

भागवत,

तुझी मोनाली येऊन गेली. मला वाटलं कोणी तोऱ्यातली बाई असंल. बिचारी उन्हातून बसनं आली, तोंड लाल झाल्तं. अम्मीनं आधी पाणी दिलं, मंग सरबत दिलं, मंग तिच्या आईची चौकशी केली. मला भांडायला जागाच ठेवली न्हाई.

तिनं तुझा निरोप सांगितला. "सर म्हणले, अम्मींना त्रास होतोय हे वाचून वाईट वाटलं. येत्या गुरुवारी आम्ही सगळ्या राउटरमध्ये नवीन अपडेट टाकून राह्यलो. ते नाव दिसणार न्हाई. नुसतं 'दुधना' दिसंल."

मी काय बोलले ते तिनं तुला सांगितलं असंल. जेवढं ऐकवण्यासारखं होतं तेवढंच सांगितलं असंल.

भागवत, टाकू नको. ते अपडेट टाकू नको. मी हात जोडते.

मी तुला खोटं लिहिलं. दारात अम्मी उभी राहत न्हाई. अम्मीनं ते नाव एकदा पाहिलं, मोबाईल खाली ठेवला आणि भाकरी करायला गेली. परत कधी पाहिलं न्हाई. मी उभी राहते. हातातलं काम सोडून मीच बसते. आणि लाइट जात नसंल तर मीटरजवळचा खटका मीच खाली ओढते. थोडं थांबते, वर करते. डब्बा उठतो, अम्मी म्हणतो, मी बघते. नाव मिटलं की परत खटका. घरातला मिक्सर जळाला त्यात, फ्रिजचं बी काहीतरी झालंय. अम्मीला म्हणलं, लाइट कमी-जास्त होऊन राह्यलीय. तुला लिहिताना माझं म्हणून लिहायला मन धजलं न्हाई, म्हणून तिच्या नावावर टाकलं. आता माझ्याच खोट्यामुळं तू ते पुसायला निघालास. काय हे नशीब माझं!

तौफिकचा आवाज असलेला एक बी व्हिडिओ आमच्याकडं न्हाई. सगळं त्या लॅपटॉपमध्ये. हे एवढंच उरलंय.

आता दुसरी गोष्ट. मोनाली लहान आहे, तिला काही माहीत न्हाई, म्हणून सहज बोलून गेली. अम्मी म्हणली, आमच्याकडं बघ कशी सारखी लाइट जाते. तर ती म्हणली, "आमच्या ऑफिसात कधीच जात न्हाई. इन्व्हर्टर आहेत, त्याच्यावर जनरेटर आहे, त्याच्यावर सोलर. सर लाइट जाऊच देत न्हाईत. एकदा सगळंच बंद पडलं आणि मंग लाइट आली, तर सरांनी मोबाईल टेबलावर पालथा घातला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी चहा नेला तर अर्धा पायरीवरच सांडला त्यांनी. सरांना शुगर आहे का हो?"

अम्मी माझ्याकडं बघायला लागली. मी तिच्याकडं.

म्हणजे तुला बी दिसतं. मी खटका ओढून बोलावते आणि तू लाखो रुपये घालून त्याला दाराबाहेर ठेवतोस.

मंग आता विचारतेच. अंगारकीच्या आदल्या दिवशी राजूरला, देवळाजवळच्या त्या पेढ्याच्या दुकानावर तुम्ही खांब उभा करत होतात. दुसऱ्या दिवशी गर्दी होणार, सगळ्या दुकानांना वायफाय पाहिजे, म्हणून घाई. लाइट गेलेली होती. वरून विजेची तार गेलेली होती. हे सगळं मला लोकांनी सांगितलं.

तुमची कामाची रीत मला माहीत आहे, माझ्याच गच्चीवर शिकलात ती. एक वर, एक खाली. खालच्यानं दुकानातल्या बल्बकडं बघत बसायचं. बाकी काम न्हाई. बल्ब लागला की गळा फाडून ओरडायचं, "लाइट आली!" वरच्यानं हातातलं सोडायचं आणि आहे तिथं खाली बसून घ्यायचं. कितीदा ऐकलंय मी तुझं ओरडणं! स्वयंपाकघरात अम्मीच्या हातातलं उलथनं पडायचं.

त्या दिवशी तौफिक लोखंडी पाइप उभा करून राह्यलता. पाइप तारेला टेकला तेव्हा तारेत काही नव्हतं. तो तसाच धरून होता. मंग लाइट आली.

खाली तू होतास.

मला एवढंच सांग. आवाज दिल्तास का?

आपा

अंबड, २६ मे २०२५

भागवत,

गुरुवार आला तेव्हा मी खटक्याला हात लावला न्हाई. म्हणलं, जाईल तेव्हा आपोआप जाईल. संध्याकाळी गल्लीची गेली. आली तेव्हा मी डोळे मिटून घेतल्ते. उघडले तर यादी भरून अम्मी. तू थांबलास. एवढ्यासाठी तुला मानलं.

त्यानंतर काहीच न्हाई. मी रोज पोस्टमनची वाट बघायची. आणि परवा तुझं पाकीट आलं. पेन ड्राइव्ह आणि चिठ्ठी.

पेन ड्राइव्ह मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडला. मला त्यातलं एक अक्षर कळलं न्हाई, पण प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिलेलं कळलं. आधी परदेशातल्या लोकांची नावं, ज्यांनी विरजण दिलं ते. मंग 'तौफिक महेमूद शेख, अंबड'. त्याच्याखाली, बारीक, 'नंतरचे बदल : भागवत पांढरे'. घरी येऊन डब्ब्याचं पान उघडलं, तिथं बी तसंच. कोणाला बी कोड हवा असंल तर फुकट मिळंल, असं खाली लिहिलेलं. माझा अर्ज मंजूर झाला म्हणायचा. एवढ्या वर्षांत माझा स्वतःचा पहिलाच अर्ज.

मंग चिठ्ठी उघडली. एकच ओळ. 'बल्ब लागल्ता, आपा. माझं लक्ष मोबाईलमध्ये होतं.'

मी तुला काय सांगू! दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि आत बसून तुला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. तुझ्या सात पिढ्या उद्धरल्या. बाहेर स्टॅम्पवाले पुंजारामकाका दार वाजवून राह्यलते, सालेहाबाई, बरं न्हाई का? मी म्हणलं, काका, तुम्हाला न्हाई, दुसऱ्या एका पुंजारामच्या पोराला देऊन राह्यले. मंग रडले. चालीसव्याला घरात माणसं होती, त्यांना चहा करण्यात दिवस गेला. त्या दिवशीचं रडणं राहून गेल्तं.

तुझा राग माझ्या मनातून गेलेला न्हाई, हे आधीच सांगून ठेवते. एक आवाज रे. दोन शब्द. त्याच्यासाठी ना लायसन लागत होतं ना खर्चा.

घरी गेले तर अम्मी मेथी निवडून राह्यलती. चिठ्ठी वाचून दाखवली. म्हणलं, आता तरी बोल काहीतरी त्याला. ती जुडी खाली ठेवून म्हणली, "मला माहीत होतं." मी म्हणलं, कोणी सांगितलं? म्हणली, चालीसव्याला आल्ता तेव्हा एकदा बी वर बघितलं न्हाई त्यानं. पोरगं शीरखुर्म्याला येईना, त्याचं आणखी दुसरं काय कारण असणार? शीरखुर्मा सोडणाऱ्यातला आहे का तो?

मंग माझ्यावर घसरली. "आणि तू? मला कळत न्हाई का मीटरजवळ काय करत असतेस ते? लाइट आली की माझ्या काळजात धस्स होतं. लाइट आली तेव्हाच गेला ना तो? आणि तू दिवसभर मुद्दाम लाइट आणत राहतेस. एकदाच गेला माझा पोरगा. तू किती वेळा घालवणार?"

भागवत, मला वाटत होतं मी त्याला बोलावून राह्यले. आईला काय होतंय ते मी बघितलंच न्हाई. परवापासून खटक्याला हात लावलेला न्हाई. हात जातो अजून, मी मागं घेते.

रात्री जेवताना तिनं विचारलं, हे पाकीट आलं, ह्यानं आता काय होतं? मी म्हणलं, कोड मोकळा झाला. आता ज्याचा डब्बा त्याला पाहिजे तसा बदलता येतो. फक्त वरचं नाव काढता येत न्हाई. तिनं विचार केला. म्हणली, "म्हणजे भागवतच्या ऑफिसातल्या डब्ब्यात मला ठेवायचं न्हाई म्हणलं तर चालतं?" मी म्हणलं, चालतं. "मंग लिही त्याला. वो बी बच्चाच है. कब तक बत्ती से डरेगा? बाकी गावात राहू दे. लोकांच्या घरी मी बघते सगळं ठीक आहे का. त्याच्या घरी त्याचा तो बघंल."

मी म्हणलं, अम्मी, त्याच्यामुळं गेला तुझा पोरगा. ती म्हणली, माहीत आहे, वरण वाढ.

तर हा तिचा निरोप. तुझ्या ऑफिसातला डब्बा बदल. वरचं नाव राहू दे, खालची 'अम्मी' ही हाक काढलीस तरी चालंल. मंग ती मशीनं बंद कर, येऊ दे लाइट जाऊ दे लाइट, माणसासारखा रहा. अम्मीची परवानगी आहे.

माझी न्हाई. माझी पाहिजे असंल तर ती पोस्टानं मिळणार न्हाई. त्यासाठी इथं यावं लागंल. लॅपटॉप घेऊन ये, त्याच्यात त्याचा आवाज आहे. दुपारचा ये, दुपारी आमच्याकडं लाइट नसते. अम्मी भजे करंल, तू खाशील का न्हाई मला माहीत न्हाई. मी समोर बसंन. बोलंनच असं न्हाई. पण लाइट येईपर्यंत उठायचं न्हाई, आणि मोबाईल दाराबाहेर ठेवायचा. आमच्या बैठकीत एक बल्ब आहे, त्याच्याकडं बघत बसायचं.

आणि तो लागला की आवाज तू द्यायचा.

सालेहा आपा